सायकल चोरी आणि सायकल नोंदणीचं काम : अशोक चौक परिसर, सोलापूर

५ जानेवारी २०२५

दिवाळीपासून आमच्या बाजूच्या गल्ल्यांतनं सायकली जायचं लै वाढलंय. टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला जाणाऱ्यांच्या गेल्या, अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींच्या गेल्या, दूधवाल्या मामांची तर किटल्या अडकवायच्या हुकांसकट गेली. मोटरसायकल गेली की माणूस त्याच रात्री पोलीस ठाणं गाठतो, सायकल गेली की "जाऊ दे, जुनीच होती" म्हणून गप बसतो. पण ज्याला पहाटेच्या पाळीला विडी घरकुल वसाहतीकडनं इथवर यायचंय त्याला रोजचे रिक्षाचे पैसे परवडत नाहीत, त्याची पाळीच बुडते. आम्ही गल्लीतले काही जण मिळून हे काम हातात घेतलंय, दुसऱ्या भागात कुणाला असंच करायचं असेल तर कामाला यावं म्हणून नोंदी ठेवतोय.

आज पोलीस ठाण्यात गेलो होतो. मागच्या अंगाला पत्र्याखाली सापडलेल्या सायकली एकावर एक लावलेल्या, एकीचं पायडल दुसरीच्या आऱ्यांत अडकलेलं, सीटचा फोम उंदरांनी काढलेला, हँडलला सुतळीनं बांधलेला पुठ्ठा आणि त्यावरची शाई पावसानं धुऊन गेलेली. तिथले हवालदार साहेब म्हणाले, "चोर सापडतो, सायकली पण सापडतात, पण मालक कोण ते कसं ठरवायचं? येतो तो म्हणतो काळी होती, कॅरियर होतं. इथल्या सगळ्याच काळ्या आहेत." आमच्याबरोबर सायकल गेलेले तिघं होते. तिघांनी ढीग बघितला, एकाला तर आपलीच वाटली, पण कागद नाही, नंबर नाही, खूण सांगता येईना. तसंच परत आलो.

त्यामुळं कामाची दिशा आजच ठरली. कुलूप, कॅमेरा हे सगळं करायचं, पण आधी प्रत्येक सायकलचा नंबर चोरी व्हायच्या आत कागदावर आला पाहिजे. मोटरसायकलला आरटीओचा नंबर असतो, सायकलला आपल्याकडं काहीच नाही. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पितळेचा बिल्ला द्यायच्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो तो. कर नको, पण ती नोंद बंद झाल्यावर तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. जपानमध्ये सायकलची नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. आपण निदान गल्लीपुरती वही तरी करू.

१२ जानेवारी

फ्रेम नंबर शोधायचा पहिला दिवस. अभ्यासिकेच्या पटांगणात सायकली उलट्या करून ठेवल्या. नंबर बहुतेक वेळा पायडलचा एक्सल बसतो त्या आडव्या नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो, मिस्त्री लोक तिला बीबी म्हणतात. नेमकी सगळ्यात जास्त घाण तिथंच बसते. ग्रीस, माती आणि कारखान्यातल्या सायकली असतील तर सुताची पूड, सगळं मिळून असा थर होतो की खाली काही लिहिलंय हेच कळत नाही. रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये फडकं बुडवून पुसलं, मग पितळी तारेचा ब्रश. लोखंडी ब्रश वापरू नका, रंग जातो आणि गंज धरतो.

साफ केल्यावरही आकडे वाचता येत नव्हते. सायकल दुरुस्तीवाल्या मिस्त्री मामांनी शाळेचा खडू मागवला, नंबरवर आडवा घासला आणि बोटानं वरवरचं पुसलं. खड्ड्यात पांढरं राहिलं आणि आकडे लख्ख दिसायला लागले. ही युक्ती लिहून ठेवा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढला की अजून स्पष्ट येतं. फोटो आणि हातानं लिहिलेला नंबर दोन्ही पाहिजेत, कारण ठोकलेल्या अक्षरांत आठ आणि इंग्रजी बी, शून्य आणि ओ, एक आणि आय यांत फरक कळत नाही.

बीबीखाली नाही सापडला तर मागच्या चाकाच्या एक्सलजवळची पट्टी बघायची, मग सीटखालची नळी, मग हँडलखालची पुढची नळी. काही सायकलींना पुन्हा रंग दिलेला असल्यानं नंबर रंगाखाली बुजलाय. काहींना नंबर ठोकलेलाच नाही, नुसता स्टिकर होता तोही गेला. बऱ्याच जणांनी घरूनच व्हॉट्सअपवर "नंबर" पाठवले, ते बघितले तर सायकलच्या मॉडेलचं नाव नाहीतर टायरवरचा साइजचा आकडा. घरून मागवलेले सगळे नंबर रद्द केले, नोंद सायकल समोर असतानाच करायची. या तपासण्यात दोन रविवार जाणार.

बिलं बघितली तर बहुतेकांवर फक्त "सायकल १ नग". नवी घेताना दुकानदाराकडनं फ्रेम नंबर बिलावर लिहूनच घ्या, तो नाही म्हणत नाही, कुणी सांगतच नाही म्हणून राहतं.

१७ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची गर्दी. होम मैदानाच्या बाजूला एकानं सायकल बांबूच्या कठड्याला साखळीनं बांधली होती. कुलूप शाबूत, साखळी शाबूत, बांबू वर उचलून सायकल साखळीसकट नेली. यात्रेत, लग्नात, सभेच्या ठिकाणी बांबूला किंवा लोंबत्या जाळीला बांधणं आणि न बांधणं सारखंच.

२६ जानेवारी

खूण घालायचं काम. सगळ्यात आधी फ्लेक्सवाल्याकडनं क्यूआर कोडचे स्टिकर छापून घेतले होते, एक १२ रुपयाला. दिसायला छान, पण आठवडाभरात कडा सुटल्या आणि एका पोरानं नखानं अख्खा काढून दाखवला. सोलापूरच्या उन्हात एप्रिलमध्ये काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. पेंट मार्कर डिझेलच्या फडक्यानं साफ निघाला. हे पैसे गेले.

मग एका वहिनींनी सुचवलं, भांड्यांवर नाव घालतो त्याला बोलवा की. लग्नातल्या स्टीलच्या डब्यांवर "सौ. अमुक यांजकडून" असं कोरणारं जे कर्र वाजणारं छोटं मशीन असतं तेच. भांडी गल्लीतल्या एका दुकानातला कारागीर सुट्टीच्या दिवशी यायला तयार झाला, एका सायकलमागं २० रुपये ठरले. त्याचा हात इतका बसलेला आहे की वाकड्या नळीवर पण अक्षर सरळ येतं. आपण स्वतः मशीन घेतलं तर आठशे-हजारात येतं, पण अक्षर सुधारेपर्यंत चार-पाच सायकली खराब होतात, कारागीरच बरा.

काय कोरायचं यावर बराच वाद झाला. काही जण म्हणत होते मोबाईल नंबर कोरा. आम्ही नको म्हटलं. एक तर नंबर बदलतात, आणि पोरींच्या सायकलवर त्यांचा नंबर उघडा लिहिणं अजिबात बरोबर नाही, रस्त्यावरचा कुणीही फोटो काढून त्रास देईल. म्हणून "अचौ" आणि पुढं तीन आकडे असा कोड केला. कुठला कोड कुणाचा ते फक्त वहीत, वहीची एक प्रत आमच्याकडं, एक पोलिसांकडं. आकडे इंग्रजीत कोरले, कारण इथनं विजापूर आणि गुलबर्गा दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, सायकल टेम्पोत पडून हद्दीपलीकडं गेली तर तिथल्या पोलिसांनाही वाचता आली पाहिजे.

कोड दोन ठिकाणी कोरतो, बीबीखाली आणि मागच्या एक्सलच्या पट्टीवर. दोन्ही जाड भाग. मधल्या पातळ नळ्यांवर खोल कोरू नका आणि नंबर पंचनं हातोडा मारून तर मुळीच नको, नळी चेपते आणि पुढं तिथंच तडा जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अगदी वरवर, कार्बनच्या फ्रेमवर काहीच कोरायचं नाही. कोरल्यावर रंग निघून लोखंड उघडं पडतं, त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारायचे नाहीतर पहिल्या पावसात गंज.

शिवाय सायकलच्या पोटात एक चिठ्ठी. नाव, कोड, फ्रेम नंबर लिहून लॅमिनेट केलेली पट्टी. सीटच्या नळीत टाकून बघितली, ती घसरत बीबीत उतरली आणि एकाच्या एक्सलला गुंडाळून पायडल जाम झालं, मिस्त्री मामांना सगळं खोलावं लागलं. आता हँडलच्या टोकाची ग्रिप काढून आत सरकवतो आणि मागनं कारखान्यातल्या कॉटन वेस्टचा बोळा घट्ट बसवतो. हलत नाही, वाजतही नाही.

२ फेब्रुवारी

कुलपं. मिस्त्री मामांच्या दुकानात बसून तपासली. दीडशे रुपयाची नंबरवाली केबल ब्रेक वायर कापायच्या कटरनं एका दाबात गेली. प्लॅस्टिकच्या आत तार बारीक असते, वरनं जाडी फक्त प्लॅस्टिकची. त्यात नंबरवाल्या कुलपात बरेच लोक शेवटचा एकच आकडा फिरवून जातात, परत येताना सोपं पडावं म्हणून. चोराला पण तेवढाच एक आकडा फिरवावा लागतो.

मागच्या चाकाचं जुनं गोल कुलूप चाक फिरू देत नाही एवढंच. सायकल कुठल्याच गोष्टीला बांधलेली नसते, दोघं जण उचलून टेम्पोत टाकतात. दुकानासमोर पाच मिनिटं थांबायला ठीक, रात्रभरासाठी नाही. हार्डवेअरच्या दुकानातली किलोवर मिळणारी साखळी मऊ लोखंडाची असते, बोल्ट कटर तिला सहज चावतो. कडक पोलादाचं यू लॉक त्यातल्या त्यात टिकलं, हॅक्सॉचं पातं घसरत राहिलं आणि दात गेले. आमच्याकडं मिळालं ते साडेआठशेला. ते लावताना मागचं चाक, फ्रेम आणि खांब तिन्ही त्यात आले पाहिजेत. नुसतं पुढच्या चाकातनं लावलं तर चाक तुमच्याकडं राहतं आणि सायकल जाते. क्विक रिलीजवाली, म्हणजे पान्याशिवाय हातानं सुटणारी चाकं आणि सीट असतील तर तिथं साधे नटबोल्ट बसवून घ्या.

पण अडीच हजाराच्या जुन्या सायकलला साडेआठशेचं कुलूप घ्या असं कामगाराला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यावर उपाय म्हणून जागेवरच पक्का स्टँड करायचं ठरलं.

१६ फेब्रुवारी

स्टँडनं डोकं खाल्लं. अक्कलकोट रोडच्या फॅब्रिकेटरनं पहिल्यांदा चाक अडकवायच्या खाचांचा नेहमीचा स्टँड करून दिला. त्यात फक्त पुढचं चाक बसतं, फ्रेम बांधता येत नाही, आणि शेजारची सायकल पडली की रिम वाकते. तो परत पाठवला, वाहतुकीचे पैसे आपल्याच अंगावर. मग दीड इंची पाइपचे उलट्या यू आकाराचे कमरेएवढे खांब करून घेतले, एका खांबाला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल.

काँक्रीटला पाणी मारून आठवडाभर हात लावू नका असं सांगितलं होतं, दुसऱ्याच दिवशी सकाळी सायकली लागल्या आणि दोन खांब हलायला लागले. ते उकरून परत भरले, आता दोऱ्या बांधून एक काका राखणीला बसवले. अभ्यासिकेच्या फरशीवर बोल्टनं बसवलेल्या खांबांचे नट पान्यानं सुटत होते, ते बसवल्यावर वेल्डिंगचा टाका मारून घेतला. नट उघडे ठेवू नका, स्टँडच उचलून नेतील.

सगळा खर्च धरून एक खांब साधारण १,४०० ला पडला. यातनं अभ्यासिकेचे मालक निम्मा देतायत, कारखान्याच्या शेठनी त्यांच्या गेटचे सगळे दिले. बारावीची परीक्षा चालू झालीय, पोरांना सायकल गेली म्हणून पेपरला उशीर व्हायला नको एवढीच धास्ती होती, ते मार्गी लागलं.

२३ फेब्रुवारी

पोलिसांबरोबर सविस्तर बसलो. आम्ही एक्सेलची लांबलचक फाइल करून नेली होती, मॅडमनी सरळ सांगितलं की मोबाईलवर ही उघडून शोधत बसायला वेळ नसतो, एका सायकलला एक छापील पान करा. फोटो डावीकडनं, कोडचा जवळनं फोटो, फ्रेम नंबर, ब्रँड, रंग, आणि वेगळी खूण. वेगळी खूण म्हणजे "उजव्या पायडलचं रबर अर्धं, कॅरियरला लाल दोरी, दांडीवर वेल्डिंगचा टाका" असं. आता तसंच करतोय, कोडप्रमाणं फाइलला लावून दिलं.

तक्रारीबद्दल जे कळलं ते नीट लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरी कलम ३०३ खाली येते. पण मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जाऊ शकतो, म्हणजे एफआयआर न होता फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लागते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आपल्याकडच्या निम्म्या सायकली याच्या अलीकडं-पलीकडं. म्हणून बिल जपून ठेवा, नंतर गिअर, चाकं, कॅरियर टाकलं असेल तर त्याच्या पावत्या पण ठेवा, आणि किंमत सांगताना भीतीनं कमी किंवा रागानं जास्त सांगू नका. जुनी घेतली असेल तर विकणाऱ्याची सही, ओळखपत्राची झेरॉक्स आणि फ्रेम नंबर असलेली साधी पावती करून घ्या. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे, मागून घ्या. एनसी झाली तरी तिची प्रत घ्याच, पुढं सायकल सापडली की तीच दाखवायची.

२ मार्च

एक वाईट प्रसंग टळला. चौकात चार जणांनी एका पोराला धरलं, "ही सायकल चोरीचीच आहे" म्हणून कॉलर पकडली, हात उचलायच्या बेतात होते. आमच्यातला एक तिथं पोचला, सायकल आडवी करून कोड बघितला आणि वही काढली. सायकल त्याच्या थोरल्या भावाची, भाऊ कारखान्यात जॉबर, त्यानंच दळण आणायला दिलेली. पोरगं थरथरत होतं. त्या दिवसापासून वहीत "घरात अजून कोण वापरतं" हा रकाना वाढवला आणि सगळ्यांना बजावलंय, संशय आला तर ११२ ला फोन करा, फोटो काढा, अंगाला हात लावायचा नाही. सायकलपायी कुणाचं पोर मार खाणार असेल तर असली मोहीम नकोच.

९ मार्च

कारखान्याच्या गल्लीतनं रात्रपाळीला एका मामांची सायकल गेली. त्यांनी ती नवीन स्टँडला लावलीच नव्हती, गेटजवळ बरी पडते म्हणून भिंतीला टेकवलेली. कोड कोरलेला होता, पान तयार होतं, सकाळीच जाऊन तक्रार दिली. मामांना मराठी बोलता येतं पण लिहिता-वाचता तेलुगूच, त्यामुळं अर्ज वाचून दाखवून मगच अंगठा-सही घेतली.

कॅमेऱ्यांची मात्र निराशा. एक कॅमेरा दुकानाच्या स्वतःच्या शटरवर रोखलेला, दुसऱ्याचं घड्याळ पाऊण तास पुढं, तिसऱ्याचा डीव्हीआर (फुटेज साठवायचा डबा) आठवड्यात जुनं पुसून टाकतो. जे मिळालं ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि घड्याळात किती फरक आहे ते त्याच वेळी कागदावर लिहून दुकानदाराची सही घेतली. कोर्टात फुटेज चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५-ब म्हणायचे ते. पोलीस सांगतात कसं करायचं, पण मूळ डीव्हीआर कुणाचा हे माहीत पाहिजे. आता परिसरातल्या कॅमेऱ्यांची यादी केलीय, कुठला कॅमेरा काय बघतो, किती दिवस साठवतो, चावी कुणाकडं. दोन दुकानदारांनी आपणहून कॅमेरा थोडा रस्त्याकडं वळवला.

३० मार्च

जुन्या सायकली घेणाऱ्या-विकणाऱ्या दुकानांत फिरलो. सुरुवातीला कुणी नीट बोलेना, "आम्हाला चोर समजता काय" असाच सूर. त्यांचंही बरोबर आहे, एखादी चोरीची सायकल दुकानात निघाली की आधी त्यांचीच चौकशी होते, माहीत असून चोरीचा माल घेणं हा कलम ३१७ चा वेगळा गुन्हा आहे. मिस्त्री मामा बरोबर होते म्हणून गाडी पुढं सरकली, त्यांना सगळे ओळखतात. आता बरेच जण सायकल घेण्याआधी उलटी करून बीबी बघायला तयार झालेत. "अचौ" दिसलं की आम्हाला फोन, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो. भंगारवाल्यांकडं अजून जायचंय.

२० एप्रिल

मामांची सायकल सापडली. दुसऱ्याच कुठल्यातरी गुन्ह्यात पकडलेल्या माणसाकडं निघाली. काळ्याची निळी केलेली, हँडल बदललेलं, कॅरियर गायब, मडगार्ड काढलेले. हवालदार साहेबांनी खाली वाकून बीबीवर फडकं फिरवलं, निळ्या रंगाखाली "अचौ" उमटलं, फाइलमधनं पान काढलं आणि थेट मामांना फोन. ओळख पटवायला गेलो तेव्हा डाव्या ग्रिपमधनं चिठ्ठी पण निघाली, चोरानं हँडल बदललं होतं पण जुनी ग्रिप तशीच चढवलेली, चिठ्ठी ग्रिपमध्येच अडकून आलेली. मामा काही बोललेच नाहीत, नुसता सीटवर हात ठेवून उभे राहिले. मलाही भरून आलं.

सायकल लगेच हातात येत नाही, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर लोक निराश होतात. ती मुद्देमाल, म्हणजे पुरावा म्हणून जप्त केलेली असते. कोर्टात परत मिळण्याचा अर्ज करायचा, पोलिसांचं म्हणणं येतं, मग कोर्ट बंधपत्रावर ताब्यात देतं आणि सुपुर्दनामा होतो. गुन्हा चालू असेपर्यंत सायकल विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची. ओळखीच्या वकील मॅडमनी फी घेतली नाही, झेरॉक्स, स्टँप, फोटो धरून तीनेकशे रुपये गेले. मेच्या सुट्टीत अडकू नये म्हणून अर्ज लगेच टाकलाय.

१८ मे

सायकल मामांच्या घरी आली. मिस्त्री मामांनी ब्रेक आणि चेन बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. निळा रंग तसाच आहे, कोर्टाचं काम संपेपर्यंत राहणार.

पोलीस ठाण्यामागच्या त्या ढिगातल्या सायकलींसाठीही विचारलं. मालक न सापडलेल्या मालाची कोर्टाकडनं जाहीर सूचना निघते आणि सहा महिन्यांत दावा सांगता येतो. आमच्याकडच्या जुन्या बिलांवरचे जेवढे फ्रेम नंबर मिळाले तेवढे घेऊन, परवानगीनं, खडू आणि तारेचा ब्रश घेऊन ढिगातल्या सायकली तपासल्या. अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या वडलांच्या बिलावर दुकानदारानं नशिबानं नंबर लिहिलेला होता, तो जुळला. तिचा अर्ज टाकलाय. बाकीच्या सायकली कुणाच्या तरी आहेतच, पण जुळवायला नंबर नाहीत.

८ जून

शाळा चालू व्हायच्या आठवड्यात दोन शाळांच्या गेटवर नोंदणी लावतोय. भांड्यावर नाव घालणारा कारागीर दोन्ही दिवस येणार आहे, त्याचे वीस रुपये ज्यांना जमत नाहीत त्यांचे वर्गणीतनं. पत्रकं मराठी, तेलुगू आणि उर्दूत छापलीत, कन्नडचं भाषांतर एका बाईंकडं दिलंय, ते आलं की छापू. येताना सायकल, बिल असेल तर बिल आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस पाहिजे. सायकल धुऊनच आणा म्हणत नाही, पण निदान बीबीखालचं ग्रीस घरीच पुसून आणलं तर रांग निम्मी होईल. भंगारवाल्यांची भेट पुढच्या रविवारी.